आधी माप, मग माल: कमी खर्चात रोड बाइकची जुळणी

नमस्कार. सुटे भाग जमवून रोड बाइक उभी करायची आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा, हा आजचा विषय आहे. अशा जुळणीचं बजेट महागड्या भागांमुळे क्वचितच कोलमडतं. ते कोलमडतं एकमेकांत न बसणाऱ्या भागांमुळे. क्रँक (पेडलचे दांडे) स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, तर तिला लागणारा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे त्या दांड्यांचा आस आणि बेअरिंग, फ्रेममध्ये जात नाही. चाकं चांगली मिळाली, तर मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तो धरणाऱ्या फ्रेमच्या मागच्या दोन पायांत मावत नाही. असे दोन-तीन भाग पडून राहिले की त्या पैशांत एक बरी सायकल आली असती. म्हणून पहिली खरेदी व्हर्नियर कॅलिपरची, आणि पहिलं काम कागदावर मापं लिहिण्याचं.

त्याआधी एक स्पष्ट सांगायला हवं. फक्त चालवायला सायकल हवी असेल, तर चांगल्या अवस्थेतली जुनी आख्खी सायकल घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. कंपन्या भाग घाऊक भावाने घेतात, आपण किरकोळ भावाने. जुळणीच करायची असेल तर फ्रेम वेगळी घ्या आणि भागांसाठी एक आख्खी जुनी सायकल घ्या. तिची फ्रेम चुकीच्या मापाची किंवा वाकलेली असली तरी चालेल. त्या सायकलीबरोबर बोल्ट, वॉशर, स्पेसर, सीटचा क्लॅम्प, केबलची टोकं असं सगळं किडुकमिडुक येतं. हेच सुटं घ्यायला गेलात तर एकूण आकडा पाहून चकित व्हाल.

आता फ्रेम. इथे थोडा जास्त वेळ देऊ, कारण पुढचं सगळं फ्रेमच ठरवते.

अंगाला बसते का, हे पाहताना सीट ट्यूबची, म्हणजे सीटखालच्या नळीची, लांबी फसवी ठरते. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (पुढचं चाक धरणारा फोर्क जिच्यातून जातो त्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, म्हणजे रीच, आणि उभं अंतर, म्हणजे स्टॅक, ही दोन मापं पाहा. सध्या ज्या सायकलीवर आराम वाटतो तिची मापं घेऊन तुलना करा. स्टेम (हँडल धरणारा भाग) लांब-आखूड करून १०-२० मिमीचा फरक भरून काढता येतो. त्यापुढे ओढाताण करू नये.

मग मागच्या पायांमधलं आतलं अंतर. सहा-सात स्पीडच्या, म्हणजे मागे सहा-सात दातेरी चकत्यांच्या, काळातल्या फ्रेमचं ते १२६ मिमी असतं, आठ ते अकरा स्पीडच्या रिम ब्रेकवाल्या (चाकाच्या कडेवर ब्रेक लागणाऱ्या) फ्रेमचं १३०. डिस्क ब्रेकच्या फ्रेमला क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) असेल तर १३५, थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाणारा जाड आस) असेल तर साधारण १४२. लोखंडी, म्हणजे स्टीलची १२६ ची फ्रेम १३० पर्यंत फाकवता येते; दोन्ही बाजू सारख्याच, दोन-दोन मिलिमीटर सरकायला हव्यात आणि नंतर दोन्ही ड्रॉपआउट (आस बसतो त्या खाचा) पुन्हा समांतर करावे लागतात. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नका. तिथे फाकवणं म्हणजे तडा पाडणं.

बॉटम ब्रॅकेटची नळी ६८ मिमी रुंद आणि आटे असलेली असेल तर बहुधा ती इंग्लिश मापाची असते. तिच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात. ७० मिमी असेल तर इटालियन, आणि तिथे दोन्ही बाजूंचे आटे सुलटेच. हे ठाऊक नसलं की माणूस उजवा कप भलत्या दिशेने पिळत बसतो आणि नळीचे आटे खराब करतो. दाबून बसवायच्या कपांची फ्रेम स्वस्त मिळत असली, तरी कमी खर्चाच्या जुळणीसाठी आट्यांचीच घ्यावी. दाबून बसवलेल्या कपांच्या नळीचं माप जरा इकडेतिकडे असलं तरी प्रत्येक पेडलला करकर ऐकू येते, आणि खास हत्यारंही लागतात.

सीटपोस्ट (सीटची दांडी) सर्रास २७.२ मिमीचा असतो, पण जुन्या स्टील फ्रेमला २६.४, २६.६, २६.८ अशीही मापं असतात. ०.२ मिमीने बारीक पोस्ट घातला की तो खाली सरकतो, किंवा क्लॅम्प जास्त आवळून फ्रेमचं कान वाकतं. फोर्कची नळी एक इंची आहे की एक पूर्णांक एक अष्टमांश इंची, म्हणजे २८.६ मिमीची, आट्यांची आहे की बिनआट्यांची, हेही नोंदवा. हेडसेट (हँडल वळतं ते बेअरिंग) आणि स्टेम त्यावर ठरतात. हँडलबारचा क्लॅम्प २५.४, २६ किंवा ३१.८. पुढच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, पट्टा २८.६, ३१.८ किंवा ३४.९.

ब्रेकचा रीच बहुतेक जण विसरतात. ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं हे अंतर. रेसिंग फ्रेमचे ब्रेक ३९ ते ४९ मिमीचे, थोड्या मोकळ्या फ्रेमचे ४७ ते ५७ चे. जुन्या २७ इंची चाकांच्या फ्रेममध्ये आजचं नेहमीचं ७०० सी चाक घातलं तर रिमचा व्यास ६३० वरून ६२२ मिमीवर येतो, म्हणजे ब्रेक-शू चार मिलिमीटर खाली आणावे लागतात. ते तेवढे खाली येतात का, हे चाकं घेण्याआधी मोजा.

वापरलेली फ्रेम घेताना डाउन ट्यूब (खालची नळी) आणि टॉप ट्यूब (वरची नळी) हेड ट्यूबला जिथे मिळतात, त्याच्या जरा मागे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगीरपणा लागला तर समोरून धडक झाली आहे. ती फ्रेम सोडून द्या. सीटपोस्ट आणि क्विल स्टेम (फोर्कच्या नळीत आत बसणारा जुन्या पद्धतीचा स्टेम) तुमच्यासमोर हलवायला सांगा. स्टीलमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की दोन्ही धातू गंजून एकजीव होतात आणि तो काढण्याची मजुरी फ्रेमच्या किमतीवर जाते. इतिहास माहीत नसलेला कार्बन फोर्क घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. नाण्याने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही, आणि कार्बन तुटताना पूर्वसूचना देईलच असं नाही.

रिम ब्रेकबद्दल एक मत मांडतो. नव्या रोड बाइक आता बव्हंशी डिस्क ब्रेकवर गेल्या आहेत, त्यामुळे रिम ब्रेकची उत्तम जुनी चाकं आणि ब्रेक सहज मिळतात. पैसे कमी असतील तर रिम ब्रेकच निवडा. फक्त रिमच्या कडेवर पट्टी आडवी धरा. कड आत खोल गेलेली दिसली तर ती रिम संपली आहे. हवेच्या दाबाने ती फुटू शकते. चाक थोडं आउट असेल तर स्पोक आवळून सरळ होतं. पण सरळ करताना काही स्पोक अगदी ताठ आणि शेजारचे सैल राहत असतील, तर रिमच वाकली आहे.

आता गिअर. इथे सर्वांत महाग भाग ब्रेक-शिफ्टर (ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले हँडलवरचे लिव्हर) असतात, म्हणून आधी शिफ्टर मिळवा आणि बाकीचं त्यांच्या मागे लावा. शिफ्टर प्रत्येक क्लिकला ठरावीक मिलिमीटर केबल ओढतो आणि डिरेलर त्या ओढीच्या ठरावीक पट सरकतो. शिमानोच्या आठ स्पीडमध्ये सुमारे २.८ मिमी ओढ आणि १.७ पट, म्हणजे जवळपास ४.८ मिमी, मागच्या चाकावरच्या कॅसेटच्या दोन दातेरी चकत्यांमधलं अंतरही तेवढंच. हा १.७ चा आकडा शिमानोच्या रोडच्या आठ, नऊ आणि दहा स्पीडला समान आहे, म्हणून त्यांचे मागचे डिरेलर आपसात चालतात. नऊ स्पीडचा शिमानो माउंटन डिरेलरही चालतो, आणि मोठी कॅसेट लावायची असेल तर तो वरदान ठरतो. अपवाद ध्यानात ठेवा: शिमानोचा टियाग्रा ४७०० दहा स्पीडचा असूनही त्याची ओढ अकरा स्पीडच्या जातीची आहे. तो जुन्या दहा स्पीडशी जुळत नाही. शिमानो, स्रॅम आणि कॅम्पॅग्नोलोचे शिफ्टर-डिरेलर सहसा एकमेकांत मिसळू नयेत.

शिफ्टरचे पैसे नसतील तर डाउन ट्यूबवरचे, क्लिक नसलेले साधे लिव्हर लावा. ते कोणत्याही स्पीडला चालतात; हाताला सवय व्हायला थोडे दिवस लागतात एवढंच.

डिरेलरची क्षमता, म्हणजे तो दातांचा किती फरक सामावून घेतो, हेही मोजा. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ असेल तर १६ अधिक १७, म्हणजे ३३ दात. आखूड केजच्या (चेन ताणून धरणारा हात आखूड असलेल्या) जुन्या डिरेलरची क्षमता अनेकदा २९ असते. मग लहान चेनरिंगवर (क्रँकच्या चकतीवर) मागच्या लहान चकत्या लावल्या की चेन लोंबते. हबचंही पाहा. अकरा स्पीडच्या रोड फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) आठ, नऊ किंवा दहाची कॅसेट घालायची तर आत १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारं कडं) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते.

जुनं काय घ्यावं आणि नवं काय, याचं उत्तर सोपं आहे. क्रँक, डिरेलर, ब्रेकचे हात, सीटपोस्ट जुने चालतात. चेन, सगळ्या केबल आणि त्यांचे आउटर (बाहेरचं आवरण), ब्रेक-शू, टायर आणि ट्यूब नवीच घ्या. डिरेलर कितीही भारी असला तरी गंजलेल्या केबलवर तो रखडतोच. साधा डिरेलर नव्या केबलवर सुरेख चालतो. चेनच्या १२ आख्ख्या इंची कड्यांची लांबी ३०४.८ मिमी असायला हवी. जुन्या चेनमध्ये ती दोन मिमीहून जास्त वाढली असेल, तर तिच्याबरोबरची कॅसेटही झिजली असण्याची दाट शक्यता आहे, आणि नवी चेन तीवर उड्या मारेल.

केबलचं एक जिवावरचं: गिअरच्या आउटरमध्ये तारा सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये गुंडाळलेल्या. गिअरचं आउटर ब्रेकला लावू नका. जोरात ब्रेक दाबला की ते फाटतं.

जुळणीच्या क्रमात फार वेळ घालवत नाही. बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेट आधी, मग फोर्क, चाकं, क्रँक, ब्रेक, डिरेलर, चेन, आणि केबल शेवटी. धातूवर धातू बसतो तिथे ग्रीस. कार्बनला मात्र त्याची खास पेस्ट. कॅसेटचं लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर, स्टेमचे बोल्ट साधारण ५. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न घालता मोठी चेनरिंग आणि मागची मोठी चकती यांवरून गुंडाळा, आणि जिथे जुळते तिथून अर्ध्या इंचाची दोन कडी जास्त ठेवा. बिनआट्यांच्या हेडसेटमध्ये वरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधला खुळखुळाट घालवतो. तो आवळताना स्टेमचे बोल्ट सैल हवेत. उलट क्रमाने केलं तर हँडल पुढेमागे खटखटत राहतं.

गिअर लावताना बहुतेक जण केबलशी झटापट करतात, पण दोष पुष्कळदा हँगरमध्ये, म्हणजे मागचा डिरेलर लटकतो त्या तुकड्यात, असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की हँगर आत वाकतो, आणि मग वरचे गिअर जुळले की खालचे बिघडतात. गेजने हँगर सरळ करून घ्या, मग लिमिट स्क्रू (डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे) लावा. डिरेलर हाताने आत ढकलला तरी चेन स्पोकमध्ये जाता कामा नये. बॅरल (केबलचा ताण बदलणारा फिरता स्क्रू) शेवटी: चेन मोठ्या चकतीवर चढायला कुचराई करत असेल तर केबल ताणण्याच्या दिशेने अर्धा फेरा.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर आउटरची टोकं जागेवर बसतात आणि केबल ढिली वाटू लागते; बॅरल पुन्हा थोडा फिरवा. चौकोनी टोकाच्या ॲक्सलवर क्रँक असेल तर तिचा बोल्ट पुन्हा पक्का करा. ती सैल असतानाच चालवत राहिलात तर अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग ती क्रँक कितीही आवळली तरी परत बसत नाही.