मिंडी लाहिरीचे सगळे प्रियकर गोरेच का?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, किंचित संपादित)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला 'पडद्यावरची आपली माणसं' असा भलामोठा विषय दिलाय. जेवणाची वेळ जवळ आलीय, म्हणून मी एकीलाच धरते: 'द मिंडी प्रोजेक्ट'मधली डॉक्टर मिंडी लाहिरी. न्यूयॉर्कमधली अविवाहित स्त्रीरोगतज्ज्ञ. सप्टेंबर 2012 मध्ये ही मालिका फॉक्स या अमेरिकी वाहिनीवर आली. तीन सीझननंतर त्यांनी बंद केली, मग हुलू या स्ट्रीमिंग सेवेने उचलली आणि 2017 पर्यंत चालवली. मालिकेची निर्माती आणि नायिका एकच, मिंडी कॅलिंग. वडील तमिळ, आई बंगाली, आणि आई खरोखरच स्त्रीरोगतज्ज्ञ होती.

पहिलाच भाग आठवा. लहानगी मिंडी गृहपाठ घेऊन टीव्हीसमोर बसलीय आणि एकामागून एक रोमँटिक कॉमेड्या बघतेय. हीच मुलगी मोठी होऊन जुन्या बॉयफ्रेंडच्या लग्नात दारू पिऊन नको ते बरळते, सायकलसकट स्विमिंग पूलमध्ये पडते, आणि तळाशी पडलेली बार्बी तिला चार शब्द सुनावते. (काय सुनावते ते घरी बघा, इथे पोरंटोरं आहेत.) पण त्याच भागात हातातली डेट टाकून ती बाळंतपणालाही धावते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती आवडली नाही. 'डॉक्टर असून हे असलं?' मला मात्र तेच आवडलं. सिनेमातल्या ब्रिजेट जोन्सने कितीही घोळ घातले तरी कोणी सगळ्या इंग्रज बायकांना नावं ठेवली नाहीत. मग मिंडीनेच अख्ख्या समाजाची अब्रू पदराला बांधून का फिरायचं? ती स्वार्थी आहे, बडबडी आहे, कपड्यांची शौकीन आहे. असू दे की.

तिच्यावर खरी टीका झाली ती वेगळी. मालिकेत विविधता कुठे आहे, तिच्या आयुष्यात येणारे पुरुष जवळपास सगळे गोरेच कसे? 2014 मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात विविधतेचा प्रश्न निघाला तेव्हा मिंडी कॅलिंग चिडली. एवढ्या गोऱ्यांच्या मालिका चालू असताना जाब मलाच का विचारता, असा तिचा सूर होता. त्या चिडण्यात तथ्य आहे. पण तरीही मला ती टीका पुरती झटकता येत नाही.

चौथ्या सीझनमध्ये एकदाचा भारतीय मुलगा डेटवर येतो, आणि तिला 'कोकोनट' म्हणतो: वरून तपकिरी, आतून गोरी. झोंबतंच ते. मग ही बाई आपल्या छोट्या मुलाचं, लिओचं, जावळ काढायचा घाट घालते. भाग झकास आहे, तिचे आईवडील त्यात फार गोड आहेत. पण बघा, आपला मुलगा आला तो परीक्षक म्हणून. प्रियकर म्हणून काही टिकला नाही.

आणि हे एकट्या मिंडीचं नाही. तिच्यानंतर दहाच दिवसांनी 'इंग्लिश विंग्लिश'मधली आपली शशी गोडबोले मॅनहॅटनमध्ये उतरली. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्या, घर मराठी, लाडू मराठी. तिथेही शशीकडे कौतुकाने बघणारा पुरुष कोण? फ्रेंच आचारी लॉरां! नवऱ्याला ती शेवटी उमगते, पण तोवर प्रेमाने बघायचं काम लॉरांनेच केलं होतं. समोर मुलांच्या आया बसल्यात, म्हणून मुद्दाम सांगते: आपल्या मुलांना या गोष्टींमध्ये इंजिनिअर होता येतं, नवरा होता येतं, कोणाच्या तरी काळजाचा ठोका चुकवता येत नाही.

यंदा एकांकिकांसाठी संहिता मागवल्या आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तिशीतली नोकरदार मुलगी रंगमंचावर आली ती मावशीने स्थळ आणावं म्हणूनच. यंदा मावशीला जरा सुट्टी द्या. त्या मुलीला ऑफिसात बढती मिळू दे, तिचे घोळ होऊ देत, आणि तिच्या प्रेमात पडणारा एखादा जोशी किंवा कांबळे देखणा दाखवा. संहिता सांस्कृतिक समितीकडे द्यायच्या आहेत. आता पानं वाढायला हरकत नाही.