डोक्यावर मिरे

मंडळी, मागे आवाज पोचतोय ना? मला ३५ मिनिटं दिली होती, त्यातली दहा या माईकने खाल्ली. त्याला माफ करून सुरू करतो.

आधी हात वर करा, स्वतःचा फ्लॅट कुणाकुणाचा आहे? बघा, निम्मा हॉल. आता हात खाली घ्या, कारण बहुतेकांचा नाहीये. आपण दादर-ठाण्याची माणसं, 'ओनरशिपचा ब्लॉक' म्हणत वाढलो. इंग्लंडात फ्लॅट घेताना तुम्ही बहुधा घेता ती फक्त वर्षं, म्हणजे लीज, लांब मुदतीचा भाडेपट्टा. खालची जमीन, जिना, छप्पर सगळं फ्रीहोल्डरचं, म्हणजे मूळ मालकाचं, आणि वर्षं सरली की कागदावर फ्लॅटही त्याचाच. एडिंबराचे पाहुणे निवांत हसतायत. स्कॉटलंडात ही भानगड नाही. हसा.

माझं म्हणणं एवढंच, की आपण स्वयंपाकघराच्या फरशा बघतो आणि लीजची उरलेली वर्षं मोजत नाही. गेली १७ वर्षं मी हे प्रत्येक पंगतीत सांगतो. ही आमची मंडळी तेवढ्यात ताक आणायला उठतात. बघा, आत्ताही उठल्या.

आमचा फ्लॅट लंडनच्या हॅरोत. लीज ९९ वर्षांचं, २४ जून १९८९ पासून. म्हणजे २००८च्या जूनअखेर ८० वर्षांपेक्षा कमी उरणार. सॉलिसिटरबाईंनी फेब्रुवारीतच पत्र धाडलं, लीज वाढवून मागायची नोटीस लवकर द्या. ते मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, म्हणजे काम झाल्यासारखं वाटतं. मे महिन्यात रत्नागिरीला पुतण्याची मुंज. म्हटलं, आल्यावर बघू, ८० वर्षं कुठे पळून जातायत! मुंज झाली. मग आमच्या झाडांचा आंबा उशिरा उतरला. मोठा भाऊ म्हणाला, शेवटचा उतार खाऊन जा. भावाचा शब्द मोडायचा कसा? तीन जुलैला हॅरोत परतलो, तेव्हा पत्र चुंबकाखालीच होतं आणि लीज ७९ वर्षांवर काही महिने होतं.

तुम्ही म्हणाल, आठवडाभराने काय बिघडतं? हिशोब नोटीस दिल्या दिवसाचा धरतात, आणि ८०च्या खाली 'मॅरेज व्हॅल्यू' लागते. लग्न आपल्या फ्लॅटचं नि वाढीव वर्षांचं, निम्मा आहेर मात्र फ्रीहोल्डरला! समजा लीज वाढवून फ्लॅटची किंमत १८ हजार पौंडांनी चढली. त्यात फ्रीहोल्डरचं स्वतःचं नुकसान सहा हजार, म्हणजे जमीनभाडं बुडालं आणि फ्लॅट परत मिळायचा तो ९० वर्षं लांबला. ते सहा आपण देतोच. उरलेल्या १२चे निम्मे, आणखी सहा, हा तो आहेर. ८०च्या वर असतो तर हे दुसरे सहा द्यावेच लागले नसते. आमचाही आकडा साधारण असाच निघाला. सहा हजार पौंडांचे आंबे, मंडळी, आणि पेटीसुद्धा आणली नाही, तिथेच खाल्ले!

बरं, त्याच सुमारास फ्रीहोल्डरचंही पत्र आलं. गोड भाषा. पंधरा दिवसांत सही करा, कमी पैशांत लीज पुन्हा ९९ वर्षांचं करून देतो. मी पेन उघडलं होतं. हिने तिसरं पान वाचलं. जमीनभाडं वर्षाला २५० पौंड आणि दर २५ वर्षांनी दुप्पट. १९९३च्या कायद्याने मिळतात उरलेल्या वर्षांवर आणखी ९०, आणि भाडं एक मिरी. थट्टा नाही, कागदावर 'पेपरकॉर्न' असंच लिहितात. ज्या मिरीपायी हे लोक आपल्या किनाऱ्याला लागले, ती मी त्यांना वर्षाला एक देणं लागतो, तीही मागितली तर. अजून कुणी मागायला आलं नाही. इतकी वर्षं डोक्यावर मिरे वाटले, त्यातलाच एक काढून देईन.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? वडे तळून झाले म्हणे.

तर मुख्य विषय, लीज वाढवायचं कसं. लँड रजिस्ट्रीतून लीजची प्रत काढा, सुरुवातीची तारीख बघा. याच कामातला सर्व्हेअर, म्हणजे किंमत काढून देणारा, आणि सॉलिसिटर गाठा, घर घेतानाचा चालेलच असं नाही. त्या १९९३च्या कायद्यातल्या कलम ४२ची, लीज वाढवून मागायची नोटीस फ्रीहोल्डरला द्या. पूर्वी त्यासाठी दोन वर्षं मालकी लागायची, ३१ जानेवारी २०२५पासून ती अट गेली. उत्तराला फ्रीहोल्डरला किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याच्या वकिलाची वाजवी फी आपल्याच खिशातून जाते, हे आधीच धरून चाला. आकड्यावर जमलं नाही तर त्याच्या उत्तरानंतर दोन ते सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे अर्ज. सहा महिने टळले की नोटीस बाद, आणि पुढची वर्षभराने. लिहून घ्या, हे मी पुन्हा सांगणार नाही.

नवा कायदा? हो, २४ मे २०२४ला मंजूर झाला. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षं आहेत, मॅरेज व्हॅल्यूही जाणार आहे, पण ते भाग अजून लागू नाहीत. ज्यांचं आधीच ८०च्या खाली आहे त्यांनी थांबायचं का, हे सर्व्हेअरला विचारून ठरवावं. ८१-८२ वाल्यांनी कायद्याची वाट बघत बसणं मला तरी पटत नाही. हो, हो, थांबतो. ८१-८२ वाले चहाआधी मला इथेच भेटा, बाकीचे वड्यांकडे.