अर्धवट कामं आणि पुरती झोप

श्रोतेहो, नमस्कार.

'धावपळीच्या जीवनात शांती' हा विषय निघाला की बोलणारा आधी मोबाईलला नावं ठेवतो, मग नोकरीला, आणि शेवटी एकूण काळालाच. मी आज तसं करणार नाही. धावपळ काही एकट्या आपल्याच पिढीच्या वाट्याला आलेली नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, पहिल्याच अध्यायात येशूच्या एका दिवसाचं वर्णन आहे, ते नुसतं वाचतानाही दम लागतो.

गालील सरोवराकाठचं कफर्णहूम. वार शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याचा. येशू सभास्थानात शिकवतोय, तोच एक भूतग्रस्त माणूस ओरडत उठतो. त्याला बरं करून येशू आपल्या शिष्याच्या, शिमोन पेत्राच्या घरी येतो, तर घरात पेत्राची सासू तापानं पडलेली. येशू तिचा हात धरून तिला उठवतो, ताप उतरतो आणि ती लगेच पाहुण्यांची सरबराई करायला लागते. (सासूबाई जरा पडून राहिल्या असत्या तरी चाललं असतं, असं मला दर वेळी वाटतं.) मग सूर्य मावळतो. शब्बाथ संपला, आता रोग्यांना उचलून आणायला हरकत नाही, म्हणून सगळं गाव त्या एका दाराशी लोटतं.

इतक्या दिवसानंतर माणूस उशिरापर्यंत झोपेल, नाही का? मार्क सांगतो, येशू मोठ्या पहाटे, अंधार असतानाच उठला, बाहेर पडला आणि एकांत जागी जाऊन प्रार्थना करू लागला. इथवरचा भाग आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. पहाटे उठा, प्रार्थना करा, दिवस चांगला जाईल, असं त्याचं तात्पर्यही सांगितलं जातं. पण गोष्ट तिथे संपत नाही. पेत्र आणि बाकीचे त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे लोक तुमचा शोध करताहेत. त्यात तक्रारीचा सूर आहे. आणि येशू म्हणतो, चला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे.

तो परत गेला नाही! त्याला शोधणारे लोक काही गंमत म्हणून शोधत नव्हते. त्यांच्या गरजा खऱ्या होत्या आणि त्या भागवण्याचं सामर्थ्य त्याच्यात होतं. तरीही कफर्णहूमचं काम 'पूर्ण' न करता तो पुढे निघाला. त्याला लोकांची पर्वा नव्हती, असं शुभवर्तमान वाचणारा कुणीही म्हणणार नाही. आपल्याला कशासाठी पाठवलं आहे, हे पित्याशी बोलून त्याच्या मनात स्पष्ट झालेलं होतं. जे आपलं, ते करायचं. उरलेलं पित्याच्या हाती.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आपली शांती कामाच्या ढिगानं जाते असं आपण समजतो, पण तेवढ्यानं ती जात नाही. हा सगळा डोलारा माझ्या एकट्याच्या खांद्यावर आहे, या समजुतीनं ती जाते. रात्री दिवा मालवल्यावर काय होतं ते आठवून पाहा. अंग थकलेलं असतं, पण डोकं हजेरी घ्यायला बसतं. त्या निरोपाला उत्तर द्यायचं राहिलं. आईला फोन करायचा राहिला. उद्याच्या बैठकीचा कागद अजून अपुराच आहे. अंधारात हात उशीशेजारच्या फोनकडे जातो, पडदा उजळतो, 'फक्त एक पाहून घेतो' म्हणता म्हणता अर्धा तास जातो. यातलं एकही काम त्या वेळी करता येण्यासारखं नसतं. तरी आपण ते सोडत नाही. आपण जागे राहिलो नाही तर काहीतरी कोसळेल, असं आत कुठेतरी वाटत असतं.

यावर बायबलमधलं १२७ वं स्तोत्र फार रोखठोक बोलतं. पहाटे लवकर उठणं, रात्री उशिरापर्यंत बसणं, कष्टाची भाकर खाणं, हे सगळं व्यर्थ आहे. देव आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. हे आळशाचं तत्त्वज्ञान नव्हे. तेच स्तोत्र घर बांधणाऱ्यांबद्दल आणि पहारेकऱ्याबद्दल बोलतं. बांधणाऱ्यानं बांधायचं आहेच, पहारेकऱ्यानं जागायचं आहेच. पण परमेश्वर जर बांधत नसेल, राखत नसेल, तर यांचे श्रम फुकट.

यामागची एक जुनी कहाणी निर्गमच्या पुस्तकात आहे. इस्राएल लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते, विटा पाडत होते. त्यांचा पुढारी मोशे तिथल्या राजाकडे, फारोकडे गेला आणि म्हणाला, लोकांना आमच्या देवाचा उत्सव करायला जाऊ दे. फारोनं काय केलं? विटांसाठी लागणारं गवत देणं बंद केलं. आता गवतही तुम्हीच गोळा करा, विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे. वर म्हणाला, तुम्ही आळशी आहात, म्हणूनच तुम्हाला देवाच्या सेवेला जायचं सुचतं. साधनं कमी, उद्दिष्ट तेवढंच आणि वर आळशीपणाचा ठपका! ज्यांनी कुठेही नोकरी केली आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

पुढे त्या लोकांची सुटका झाली आणि त्यांना दहा आज्ञा मिळाल्या. त्यात शब्बाथाची आज्ञा आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तिचं कारण दिलंय: तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वरानं तुला तिथून बाहेर काढलं, याची आठवण ठेव. म्हणजे आठवड्यातला एक दिवस काम थांबवणं ही 'मी आता फारोचा गुलाम नाही' अशी घोषणा होती. त्या दिवशी मालकानंच नव्हे, दासदासींनी, परक्यांनी, अगदी बैलानं आणि गाढवानंही विसावा घ्यायचा होता. ख्रिस्ती लोकांनी पुढे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळायला सुरुवात केली. पण खरं सांगू? आपल्यापैकी पुष्कळांचा रविवार म्हणजे राहिलेल्या विटा पाडण्याचा दिवस झालाय. चर्चमध्ये काम करणारी माणसं तर त्या दिवशी सगळ्यात जास्त दमतात. फारो बाहेर असला तर त्याच्याशी भांडता येतं; तो आपल्याच डोक्यात राहायला आला की पंचाईत होते.

आता कुणी म्हणेल, बोलायला ठीक आहे, पण मी थांबायचं ठरवलं तरी लोक थांबू देतात का? रास्त प्रश्न आहे. मार्कच्याच सहाव्या अध्यायात याचं उत्तर आहे, आणि ते काही फार गुळगुळीत नाही. शिष्य गावोगाव फिरून परत आले होते. इतकी ये-जा चालू होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. येशू म्हणाला, तुम्ही एकांत जागी चला आणि थोडा विसावा घ्या. सगळे मचव्यात बसून निघाले. पण लोकांनी त्यांना जाताना पाहिलं, काठाकाठानं पायी धावत ते पुढे पोचले, आणि मचवा लागतो तो समोर हजारोंचा जमाव! सुट्टीचा बेत मोडला. येशूला त्या लोकांचा कळवळा आला, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होते. त्यानं त्यांना शिकवलं, भाकरी आणि मासे वाटून जेवू घातलं. पण त्यानंतर काय झालं, हे आपण वाचायचं विसरतो. त्यानं शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवलं, जमावाला निरोप दिला आणि स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. ठरलेली वेळ हुकली, म्हणून त्यानं ती सोडून दिली नाही. मला हे फार धीराचं वाटतं. सकाळची प्रार्थना लेकराच्या रडण्यात गेली, तर ती रात्री होऊ शकते.

मार्था आणि मरीयेची गोष्टही या विषयात येतेच. ती सांगताना मार्थेवर पुष्कळ अन्याय होतो, असं माझं मत आहे. घरात पाहुणे आलेत, मरीया येशूच्या पायांशी बसून ऐकतेय आणि सगळं काम एकट्या मार्थेवर पडलंय. ती म्हणते, प्रभू, माझ्या बहिणीनं मला एकटीला टाकलंय, याची आपल्याला काहीच पर्वा नाही का? येशू तिला म्हणतो, मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी आणि दगदग करतेस. तो तिच्या कामाला नावं ठेवत नाही, तिच्या दगदगीवर बोट ठेवतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, या बहिणींच्या बेथानी गावात पुन्हा पंगत बसते, तेव्हा योहान दोनच शब्दांत सांगून जातो की मार्था वाढत होती. म्हणजे तिनं काम सोडलं नव्हतं. फक्त या वेळी तिच्या तोंडी तक्रार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरात एकच बाई राबतेय आणि बाकीचे बसल्या जागेवरून तिला सांगताहेत, 'अगं, इतकी चिडचिड कशाला, प्रार्थना कर', तर तो विश्वास नव्हे, ती सोय आहे. प्रेषित पौलानं गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहिलं, एकमेकांची ओझी वाहा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, त्याला साफ सुनावलं: हे ठीक नाही, तू झिजून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. काही वेळा देवाची शांती कामाची वाटणी करण्यातूनच येते.

आणि काही वेळा ती झोपेतून येते. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. एलीया झोपला. देवदूतानं त्याला हलवून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन पिऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. कारण, देवदूत म्हणाला, वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. देवाचा मंद, सौम्य आवाज त्यानं ऐकला तो त्यानंतर, चाळीस दिवसांचा प्रवास करून होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर त्यांनी जरूर प्रार्थना करावी आणि डॉक्टरांकडेही जावं. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

मग प्रार्थना करायची कशी? पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलं, कशाविषयीही चिंता करत बसू नका. सर्व गोष्टींविषयी प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून, आपल्या मागण्या देवाला कळवा, म्हणजे बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची मनं राखील. हे त्यानं कैदेतून लिहिलं, आपल्याला जगवतील की मारतील हे ठाऊक नसताना. मला त्यातलं 'कळवा' फार आवडतं. नुसतं 'देवा, मला शांती दे' म्हणण्यापेक्षा नाव घेऊन सांगावं: उद्याची ती बैठक, ती तपासणी, मुलाशी झालेलं ते बोलणं. रात्री एका कागदावर राहिलेली कामं लिहून काढा, त्यांचीच प्रार्थना करा आणि कागद दुसऱ्या खोलीत ठेवून या. फोनही तिकडेच राहिला तर उत्तम.

ज्यांना स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी फार जुनी सोय आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या संतानं आपल्या मठांसाठी नियम लिहिले, त्यात निजण्यापूर्वी ४, ९१ आणि १३४ ही स्तोत्रं रोज रात्री म्हणायला सांगितली. तीच ती, रोज. चौथ्या स्तोत्राचा शेवट असा आहे की मी स्वस्थ पडून झोपी जातो, कारण मला निर्भय ठेवणारा परमेश्वर आहे. तिन्ही मिळून काही मिनिटांत होतात.

दिवसा, कामाच्या ऐन गर्दीत काय करावं, याबाबत मी सतराव्या शतकातल्या एका आचाऱ्याचं नाव घेईन: ब्रदर लॉरेन्स. मूळ नाव निकोला एर्मां. तरुणपणी सैन्यात होता, जखमी झाला, पुढे पॅरिसमध्ये कार्मेलाइट या संन्यासी पंथाच्या मठात सामान्य बंधू, म्हणजे धर्मगुरू नसलेला मठवासी, म्हणून राहिला. त्याला स्वयंपाकघरात घातलं, आणि स्वयंपाकाची तर त्याला मनापासून नावड! तरी वर्षानुवर्षं तो तिथे राबला. भांड्यांचा खणखणाट, चारी बाजूंनी वेगवेगळ्या वस्तूंसाठी हाका, आणि त्यातही मी प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर असतो तितकाच देवाजवळ असतो, असं तो म्हणे. तव्यावरचं आम्लेटही देवाच्या प्रीतीखातर उलटायचं, ही त्याची रीत. मन भरकटलं की स्वतःला दोष देत न बसता ते हळूच देवाकडे वळवायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं.

हे ऐकून उद्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी एवढं सांगतो, की हे सगळं त्याला लगेच साधलं नव्हतं. मठातली पहिली दहा वर्षं आपण मनातून फार तळमळत होतो, असं त्यानंच आपल्या एका पत्रात लिहून ठेवलंय.

नमस्कार.