कडबा फोडणारी बुरशी

[दृश्य: उन्हाळा, परभणीकडचा गोठा. लाल कंधारी गाय कुट्टी खाते आहे.]

मे महिन्यात इथं हिरवं नावाला उरत नाही. गव्हाणीत पडतो तो ज्वारीचा कडबा. त्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के, बाकी बहुतेक चोथाच. तरी गाय त्यावर तग धरते, ती कुणाच्या जिवावर?

तिच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, प्राणवायूवाचून जगणारी एक बुरशी असते. भिजलेल्या कडब्यावर धरते ती वेगळी, ती घातकच. 1975 मध्ये कॉलिन ऑर्पिन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञानं मेंढीच्या पोटातले शेपटीवाले जीव तपासले. तोवर त्यांना प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशी प्राणी, समजत. ते निघाले बुरशीचे बीजाणू.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली कडब्याचा तुकडा.]

इथं नीट बघा. चारा पोटात गेला की थोड्याच वेळात बीजाणू सुटतात आणि पोहत जाऊन काडीच्या तुटक्या कडेला चिकटतात. शेपटी गळून पडते. मुळांसारखे तंतू काडीत घुसतात, चोथा पचवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात आणि आतून रेटा देऊन काडी फोडतात. त्या फटींतून मग जीवाणूंना वाट मिळते. लाकडासारख्या टणक भागात तर या बुरशीचा हात कुणालाच धरता येत नाही.

मात्र तिला गंधक हवंच. त्यावाचून तिची प्रथिनं बनत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांवरचा एक अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. गंधक कमी असलेलं गवत खाणाऱ्या मेंढ्यांच्या पोटात ही बुरशी जवळपास दिसेना. त्याच गवताला गंधकाचं खत दिलं, तेव्हा बुरशी भरपूर आली आणि मेंढ्या चाराही जास्त खाऊ लागल्या.

आपल्याकडे मिठाचा खडा टांगला की खनिजांचं काम झालं, असं धरून चालतात. मला त्याची फार काळजी वाटते, कारण साध्या मिठात गंधक नसतं. युरिया प्रक्रिया केलेला कडबा घालत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. नत्र वाढलं आणि गंधक तेवढंच राहिलं, तर सूक्ष्मजीव अडून बसतात. साधारण 10 ते 12 भाग नत्रामागे 1 भाग गंधक लागतं. म्हणून खनिज मिश्रणाच्या पुडक्यावर गंधक लिहिलंय का, ते आधी वाचा. रोजची मात्रा ओलसर कुट्टीत नीट कालवा, म्हणजे ती गव्हाणीच्या तळाशी राहत नाही.

आणि हात सैल सोडू नका. गंधक जास्त झालं तर पोटात विषारी वायू होतो, शिवाय जनावराला तांबं मिळेनासं होतं. ज्यांच्याकडे मेंढ्या आहेत त्यांनी गाईचं मिश्रण त्यांना मुळीच घालू नये. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि तिच्या जिवावर बेततं.