धावण्याचे पहिले घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. धावण्यासाठी पहिले जीपीएस घड्याळ घ्यावे असे ठरवून दुकानात गेलेल्या माणसाला विक्रेता जी वैशिष्ट्ये वाचून दाखवतो, त्यांतील बहुतेक त्याच्या कामाची नसतात. आपण किती अंतर धावलो आणि एका किलोमीटरला किती मिनिटे लागली, एवढे खात्रीने कळले म्हणजे नवशिक्याला पुरेसे असते. वीस हजार रुपयांच्या आगेमागे मिळणारी साधी घड्याळे हे काम चांगले करतात, आणि त्यांतले कोणते घ्यावे हे ठरवण्यासाठी दोन प्रश्न विचारले तरी निम्मी दुकानदारी गळून पडते.

पहिला प्रश्न असा, की या घड्याळात स्वतःचे जीपीएस आहे काय. अनेक स्वस्त घड्याळांच्या खोक्यावर जीपीएस ही अक्षरे ठळक छापलेली असतात आणि प्रत्यक्षात ती घड्याळे खिशातल्या मोबाइलचे जीपीएस उसने घेत असतात. मोबाइल घरी ठेवून निघालात, तर असे घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावले मोजते आणि पावलांवरून अंतराचा अंदाज बांधते. धावून दमलेल्या माणसाची पावले आखूड होतात आणि तो अंदाज चुकतो. म्हणून पुन्हा सांगतो, जीपीएस घड्याळाचे स्वतःचे हवे, मोबाइलचे नको.

दुसरा प्रश्न बटणांचा. नाशिकच्या गंगापूर रस्त्याने सोमेश्वरकडे श्रावणसरीत धावत निघालेल्या माणसाला ओल्या बोटाने टचस्क्रीन चालवता येत नाही, आणि पाऊस नसला तरी एप्रिलमधला घाम तेच काम करतो. सुरू करणे, थांबवणे आणि फेरी नोंदवणे या तीन गोष्टी न पाहता, नुसत्या बोटाने चाचपून करता आल्या पाहिजेत. गार्मिन कंपनीचे २०२१ मध्ये आलेले फोररनर ५५ हे या वर्गातील परिचित घड्याळ आहे. त्याला टचस्क्रीन नाही, पाच बटणे आहेत, वजन ३७ ग्रॅम आहे आणि जीपीएस सुरू ठेवून ते २० तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. कोरोस कंपनीचे २०२३ मधील पेस ३ नायलॉनच्या पट्ट्यासह याहून हलके असून त्याची बॅटरी आणखी पुरते. पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला यांपैकी कोणतेही कमी पडणार नाही. झोपेला गुण देणे, मनावरचा ताण मोजणे वगैरे सोयींसाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत. आपली झोप नीट झाली की नाही, हे ज्याला सकाळी मनगटाकडे पाहून ठरवावे लागते, त्याने घड्याळ घेण्याआधी रात्री मोबाइल बाजूला ठेवण्याची वेळ ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो विषय आजचा नाही.

आजचा विषय अचूकतेचा आहे, आणि अचूकतेबद्दल मी एक हकिकत सांगितल्याशिवाय राहणार नाही.

माझ्या ओळखीचे एक दाजी आणि त्यांचा मेव्हणा, दोघेही धावणारे. दाजींचे घड्याळ महाग, मेव्हण्याचे त्याच्या एकतृतीयांश किमतीचे. दोघे रविवारी एकत्र धावत आणि परतल्यावर दोन्ही घड्याळांतले अंतर कधीच जुळत नसे. दाजी म्हणत, “माझे घड्याळ जास्त उपग्रह पकडते, तेव्हा तुझेच खोटे.” मेव्हणा बहिणीकडे पाहून गप्प बसे. अखेर एका रविवारी दोघांनी पैज लावली, की पंचवटीतल्या चारशे मीटरच्या धावपट्टीवर पंचवीस फेऱ्या मारायच्या, म्हणजे बरोबर दहा किलोमीटर होतील, आणि ज्याचे घड्याळ दहापासून दूर जाईल त्याने दोन्ही घरांना मिसळ खाऊ घालायची. फेऱ्या मोजण्यासाठी पंच म्हणून मला बसवले. मी खिशात पंचवीस चिंचोके घेऊन गेलो होतो. प्रत्येक फेरीला एक चिंचोका पायरीवर ठेवत होतो.

दोघे शेजारी शेजारी, गप्पा मारत धावले. पंचविसावा चिंचोका ठेवला, दोघांनी एकदमच बटणे दाबली. मेव्हण्याच्या घड्याळात दहा किलोमीटर आणि वर थोडे मीटर दिसत होते. दाजींच्या घड्याळात दहा किलोमीटर आणि वर जवळजवळ चारशे मीटर. मेव्हण्याने लगेच मिसळीच्या दुकानाचे नाव घेतले. दाजींनी माझ्याकडे वळून चिंचोके पुन्हा मोजायला लावले. मी मोजले, पंचवीसच भरले. मग त्यांनी शंका काढली, की पट्टीच चारशे मीटरची नसावी.

पलीकडे मुलांचा सराव घेणारे एक वयस्कर प्रशिक्षक हे सगळे ऐकत होते. ते जवळ आले आणि त्यांनी घड्याळांकडे न पाहता एवढेच विचारले, “तुम्ही दोघे कोणकोणत्या लेनमध्ये होतात?” मेव्हणा पहिल्या लेनमध्ये होता. दाजी, मधून वेगवान मुलांना वाट मिळावी म्हणून, एक लेन सोडून तिसऱ्या लेनमध्ये होते. प्रशिक्षक म्हणाले, “मग दोन्ही घड्याळे खरी आहेत. पुढच्या रविवारी घड्याळांची अदलाबदल करा आणि लेन त्याच ठेवा.”

श्रोतेहो, त्यांनी तसे केले, आणि या वेळी दाजींच्या मनगटावरच्या स्वस्त घड्याळाने दहा किलोमीटर आणि साधारण चारशे मीटर दाखवले, तर मेव्हण्याच्या हातातील महाग घड्याळ दहाच्या अगदी जवळ थांबले. कारण असे, की चारशे मीटर ही लांबी फक्त पहिल्या लेनची असते, आणि तीही आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर अंतरावर मोजलेली. लेनची रुंदी १.२२ मीटर असते. वळणांमुळे दुसरी लेन फेरीमागे सुमारे सात मीटरने वाढते, तिसरी लेन जवळजवळ १५ मीटरने. पंधराला पंचविसाने गुणा, म्हणजे दाजींचे जादा मीटर कोठून आले ते कळेल. पुन्हा सांगतो, घड्याळ खोटे नव्हते; दाजी खरोखरच जास्त धावले होते. मिसळीचे पैसे शेवटी दोघांनी निम्मे निम्मे दिले, आणि पंचाला पावाऐवजी पापड जादा मिळाला. नाशिकच्या मिसळीबरोबरचा पापड तर्रीत बुडवून खाणाऱ्यांशी माझे कधीच पटणार नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे याच पंचवीस फेऱ्या. आपल्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, आणि अशा शर्यतीत कडेला चिकटून धावण्याला किती महत्त्व असते, ते या हिशेबावरून लक्षात येईल. रस्त्यावरच्या अर्धमॅरेथॉनमध्येही तेच घडते. २१ किलोमीटर ९७.५ मीटर हे अंतर नियमानुसार सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले असते, आणि आपण पाण्याच्या टेबलाकडे वळत, गर्दीला वळसा घालत धावतो. घड्याळाने २१.३ दाखवले म्हणून आयोजकांना दोष देण्याचे कारण नाही.

यावरून साधे घड्याळ कोठेच चुकत नाही असे मात्र समजू नये. उघड्या आकाशाखाली, गोदाकाठी किंवा त्र्यंबक रस्त्यावर, साध्या आणि महाग घड्याळांत फरक फारसा दिसत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील उड्डाणपुलाखालून धावलात, तर उपग्रहांचे संदेश अडतात आणि नकाशावरची रेघ वेडीवाकडी होते. उंच इमारतींमध्ये ते संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि घड्याळ तुम्हाला पलीकडच्या गल्लीत दाखवते. दोन वारंवारतांवर संदेश घेणारी घड्याळे येथे उजवी ठरतात. पांडवलेणीच्या डोंगरावर चढउताराचा सराव करणाऱ्याने हवेच्या दाबावरून उंची मोजणारे घड्याळ पाहावे. फोररनर ५५ मध्ये ती सोय नाही. हृदयाचे ठोके मनगटावर हिरव्या प्रकाशाने मोजले जातात, आणि पट्टा सैल असला किंवा वेग एकदम वाढवला तर ते आकडे भरकटतात. ठोक्यांवरच सराव बेतणार असाल, तर छातीचा पट्टा वेगळा घ्यावा.

घड्याळ घरी आले, की परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ते धावपट्टीवर न्यावे आणि पहिल्या लेनमध्ये दहा फेऱ्या माराव्यात. चार किलोमीटरला शंभर मीटरपेक्षा जास्त तफावत आली, तर आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करून पुन्हा पाहावे आणि तरीही तफावत राहिली तर घड्याळ बदलून मागावे. उपग्रह पुढील काही दिवस कोठे असतील याची माहिती घड्याळाला मोबाइलकडून मिळते, म्हणून दोन-चार दिवसांतून एकदा दोघांची जोडणी करावी. ती केली नाही, तर सकाळी उपग्रह शोधण्यातच बराच वेळ जातो. धावायला निघताना सोसायटीच्या फाटकाबाहेर, झाडांपासून थोडे दूर उभे राहावे, आणि उपग्रह सापडल्याची खूण दिसल्यावरच सुरू करण्याचे बटण दाबावे. नमस्कार.