‘मा’ ऐकल्यावर लगेच नातं जोडू नका

मंडळी, गीतेच्या अठराव्या अध्यायातलं ‘मा शुचः’ आपल्या सगळ्यांच्या कानावर असतं. शोक करू नकोस. यातला ‘मा’ म्हणजे ‘नको’. आता तुर्की भाषेकडे वळा. ‘यप’ म्हणजे कर आणि ‘यपमा’ म्हणजे करू नकोस. अरबीत ‘मा कतब्तु’ म्हणजे मी लिहिलं नाही. तिबेटीत ‘म रे’ म्हणजे नाहीये, आणि बर्मी माणूस ‘माहीत नाही’ला ‘म थी बू’ म्हणतो. भाषा पाच. त्यांतल्या तिबेटी आणि बर्मी दूरच्या बहिणी, म्हणून कुळं चार: इंडो-युरोपीय, तुर्की, सेमिटिक आणि चिनी-तिबेटी. सगळीकडे ‘म’ आणि सगळीकडे नकार.

इतकं पाहिल्यावर ‘या सगळ्या मुळात एकच भाषा होत्या’ असं म्हणायचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. आज आपल्याला एवढंच बघायचं आहे की असा योग समोर आला तर तो तपासायचा कसा.

पहिली तपासणी जागेची. शब्द वाक्यात कुठे बसतो आणि काय काम करतो? संस्कृतातला ‘मा’ सुटा राहतो आणि त्याचं खास काम मनाईचं. साधं ‘तो गेला नाही’ म्हणायला संस्कृतात ‘न’ लागतो, ‘मा’ चालत नाही. शिवाय तो शेजारच्या भूतकाळी क्रियापदाचा पहिला ‘अ’ काढून घेतो. ‘अशुचः’चं ‘शुचः’ होतं ते त्यामुळेच. अरबीत याच्या बरोबर उलट. ‘मा’ घडलेली गोष्ट नाकारतो. ‘लिहू नकोस’ म्हणायचं असेल तर ‘ला तक्तुब’, तिथे ‘ला’ हवा. तुर्कीत तर हा शब्दच नाही, प्रत्यय आहे. तो धातूच्या पोटाला चिकटतो आणि धातूतल्या स्वराप्रमाणे बदलतो: ‘यप’ला ‘मा’ लागतो, पण ‘गेल’ म्हणजे ये, त्याला ‘मे’ लागतो, ‘गेलमे’. त्यात आघाताचा खेळ वेगळाच. ‘यपमा’ म्हणताना जोर ‘यप’वर दिला तर ‘करू नकोस’, आणि शेवटच्या ‘मा’वर दिला तर ‘करणं’ हे नाम. शिकणाऱ्याचा आघात चुकला की मनाई करायची राहून जाते. बर्मीत क्रियापद दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, पुढे ‘म’ आणि मागे ‘बू’. चार कुळांत चार तऱ्हा. आवाज जुळला, वागणं जुळलं नाही.

दुसरी तपासणी आकड्यांची, आणि ही प्रत्येकाने एकदा कागदावर करून बघावी. समजा एखाद्या भाषेत 20 व्यंजनं आणि 5 स्वर आहेत. एक व्यंजन आणि एक स्वर अशी 100 अक्षरं होतात. अशा दोन परक्या भाषांतले 100 अर्थ घेऊन त्यांचे एकाक्षरी शब्द शेजारी मांडले, तर निव्वळ योगायोगाने सरासरी एक जोडी जुळेल. आता आपण सवलती घेऊ लागतो. प, फ, ब, भ एकच धरू, इ आणि ए एकच धरू. व्यंजनांचे 8 गट आणि स्वरांचे 3 उरले तर अक्षरं 24 आणि जोड्या चारेक. मग अर्थालाही सूट: ‘पाणी’ला नदी, पाऊस किंवा पिणं जुळलं तरी चालेल. प्रत्येक अर्थाला असे चार पर्याय दिले की जोड्या सोळा-सतरा होतात. शंभरात सोळा! एवढ्यावर कुणीही ‘प्राचीन संबंध’ सिद्ध करू शकतो. त्यातून ‘म’ आणि ‘आ’ जवळजवळ प्रत्येक भाषेत असतात, म्हणजे ‘मा’च्या बाबतीत योगायोगाची शक्यता सरासरीपेक्षाही जास्त. शब्द जितका आखूड तितका तो साक्षीदार म्हणून कच्चा.

तिसरी तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण खरं नातं तिथेच हाताला लागतं. ती म्हणजे नियमितपणा. संस्कृतातले ‘मातृ’ आणि ‘मास’ घ्या. दोन्हींची सुरुवात ‘मा’. लॅटिनमध्ये आईला ‘मातेर’, पण महिन्याला ‘मेन्सिस’. एकीकडे आ, दुसरीकडे ए. याचा अर्थ मुळात हे दोन वेगळे स्वर होते. लॅटिनने ते वेगळे ठेवले आणि संस्कृतात दोन्ही ‘आ’मध्ये मिसळले. ग्रीकच्या डोरिक बोलीतही आई ‘मातेर’च, पण ‘नको’ला ‘मे’. तेव्हा ‘मा शुचः’मधला ‘मा’ मास-मेन्सिसच्या रांगेत बसतो, मातेच्या रांगेत नाही. म्हणजे इथे खरं नातं सांगणारे शब्द ऐकायला सारखे नाहीत! ‘मा’ आणि ‘मे’ सख्खे आहेत, आणि संस्कृत ‘मा’ व तुर्की ‘मा’ परके. (जाता जाता: आपला ‘मास’ संस्कृतातून आला आणि ‘महिना’ फारसी ‘माह’वरून. मूळ एकच, वाटा दोन.)

आता चिनीकडे येऊ. तिथे थोडं थांबावं लागेल, कारण देवनागरीत ‘मा’ लिहिलं की अर्धा शब्द हरवतो. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आवाजाची चढउतार (स्वराघात) हा शब्दाचाच भाग आहे. आवाजाच्या पाच पायऱ्या कल्पा, 1 तळाची आणि 5 वरची. पाचव्या पायरीवर सपाट धरलेला ‘मा’ म्हणजे आई. तिसरीवरून पाचवीवर चढणारा म्हणजे ताग किंवा अंबाडीसारखं वाखाचं झाड. दुसरीवरून पहिलीवर उतरून चौथीवर येणारा म्हणजे घोडा. पाचवीवरून पहिलीवर कोसळणारा म्हणजे शिव्या देणं. आणि वाक्याच्या शेवटी हलकेच, बिनस्वराघाताचा ‘मा’ आला की विधानाचा प्रश्न होतो. मराठी माणसाची इथे हमखास एक चूक होते. आपण प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेतो. ती सवय त्या शेवटच्या ‘मा’वर लादली की तो हलका राहत नाही आणि ऐकणाऱ्याला भलताच शब्द वाटू शकतो. चढ मनातून काढून टाकायचा आणि ‘मा’ नुसता टेकवायचा.

लिपीतही गंमत आहे. आईच्या चिन्हात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’. प्रश्नाच्या ‘मा’मध्ये ‘तोंड’ आणि ‘घोडा’. शिवीमध्ये वर दोन तोंडं आणि खाली घोडा. यावरून आईचा घोड्याशी काही संबंध लावू नये. घोडा तिथे फक्त उच्चार सांगायला बांधलेला आहे.

हा प्रश्नाचा ‘मा’ आला कुठून? वाक्याच्या शेवटी येणाऱ्या एका जुन्या नकारवाचक शब्दापासून. ‘तो आला, नाही?’ असं विचारता विचारता ‘नाही’ झिजला आणि नुसतं प्रश्नचिन्ह उरलं. आपण तरी वेगळं काय करतो? ‘येतोस ना?’, ‘जेवलास की नाही?’ नकारातून प्रश्न घडवण्याची ही वाट अनेक भाषांनी आपापली चालून पाहिली आहे. वाट सारखी असणं हा माणसाच्या बोलण्याचा स्वभाव. त्या वाटेवर आवाजही ‘म’चाच असणं हा योगायोग. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

व्हिएतनामीत सहा स्वराघात आहेत आणि ‘मा’चे सहा शब्द: भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप. यातला घोडा मात्र योगायोग नव्हे, तो चिनीतून उसना घेतलेला आहे. रोजच्या बोलण्यातल्या घोड्याला तिथे वेगळाच जुना शब्द आहे. उसनवारी हे साम्याचं आणखी एक कारण, आणि ते ओळखायची खूण हीच: घरात त्याच वस्तूचा दुसरा, जुना शब्द नांदत असतो.

बाकीचे भराभर सांगतो. हंगेरियन ‘मा’ म्हणजे आज. इटालियन ‘मा’ म्हणजे पण. लॅटिनमधल्या ‘अधिक’ अर्थाच्या ‘मागिस’चा तो झिजलेला अवशेष. फ्रेंच ‘मा’ म्हणजे माझी. एस्टोनियन ‘मा’ म्हणजे मी. जपानी ‘मा’ म्हणजे मधली मोकळी जागा. अरबीत आणखी एक ‘मा’ आहे, ‘काय’ या अर्थाचा. हिंदी-उर्दूतला ‘माजरा’ त्यातूनच आला: ‘मा जरा’, म्हणजे काय घडलं.

आईबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे साम्य निव्वळ योगायोगाचं नाही आणि वंशाचंही नाही. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मरडॉक यांनी जगभरच्या भाषांतून आईबापांसाठीचे 1072 शब्द जमवले, 531 आईचे आणि 541 बापाचे. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी त्यांचा विचार केला तेव्हा आईच्या शब्दांत सुमारे 55 टक्के ठिकाणी म-नसारखे अनुनासिक होते, बापाच्या शब्दांत फक्त 15 टक्के. त्यांचं म्हणणं असं: पिताना बाळाचं तोंड गुंतलेलं असतं, आवाज नाकातूनच निघतो, पुढे तो हुंकार दूध मागण्याचा होतो आणि मग देणारीचा. तरी हा कल आहे, नियम नव्हे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. ऑस्ट्रेलियातल्या पित्जंत्जत्जारा भाषेतही ‘मामा’ बापच. आपला मामा आईचा भाऊ, तमिळ-तेलुगूतही तोच, आणि तिथे सासराही मामा, कारण मामाची मुलगी करायची रीत.

आता काम सांगतो. मालवणीत वाक्याच्या शेवटी ‘मां’ येतो: ‘तू येतलंस मां?’ चिनी ‘मा’शी तो इतका जुळतो की कुणीतरी गलबतांच्या गोष्टी सांगू लागेल. त्याआधी वह्या भराव्यात. गाव लिहा, पूर्ण वाक्य लिहा, ‘मां’ नाकातून आहे की नाही ते लिहा. तो आज्ञेनंतर येतो का, नकारानंतर येतो का? उत्तर होय-नाहीचं मागतो की नुसती संमती? शेजारच्या गावात त्याच जागी ‘ना’ येतो का? एका गावातली पन्नास वाक्यं हाती असली तरी त्याच्या उगमाबद्दल बोलायला धरण्याजोगं काही मिळेल.