रूळ मकासरच्या वेशीवर थांबतात तेव्हा

मंडळी, समोरच्या नकाशात सुलावेसी बेट बघा. कुणाला त्यात ऑर्किडचं फूल दिसतं, मला घाईघाईत पलंगावर भिरकावलेला सदरा दिसतो. चार द्वीपकल्पं चार दिशांना पसरलेली आणि मध्ये डोंगरांचा गुंता. क्षेत्रफळ पावणेदोन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती सुमारे २ कोटी. दक्षिणेच्या मकासरपासून उत्तर टोकाच्या मनाडोपर्यंत रेल्वे न्यायची, असा इंडोनेशियाचा दूरचा मनसुबा आहे. कागदावर ती रेघ ओढायला अर्धा मिनिट लागतं.

या बेटावर रेल्वे अगदीच नवखी नाही. डचांनी १९२० च्या दशकात मकासर ते ताकालार अशी ४७ किलोमीटरची लाइन टाकली होती. ती १९३० मध्ये बंदही पडली. त्यानंतर जवळजवळ ८५ वर्षं काहीच नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये बारू जिल्ह्यात कामाला हात लागला, मकासर ते पारेपारे, साधारण १४५ किलोमीटर. (पारेपारे म्हणजे इंडोनेशियाचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांचं जन्मगाव. गृहस्थ विमानांचे इंजिनिअर, पण गावाला आधी रेल्वे हवी होती!)

आता मला ज्यात खरा रस आहे, ते गेज. जावा आणि सुमात्रात बहुतेक ठिकाणी रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. सुलावेसीत १४३५, स्टँडर्ड गेज. एकाच देशात हा वेगळा संसार कशाला, असं कुणीही विचारेल. पण बेटाला एक सवलत असते. तिथले रूळ शेजारच्या जाळ्याला कधीच जोडले जाणार नसतात, मध्ये समुद्र आहे. मग जुन्याशी जुळवून घ्यायचं कशासाठी? रुंद गेजवर गाडी जास्त स्थिर राहते, वेग वाढवायला वाव मिळतो.

गंमत म्हणजे जावातली पहिली लाइन, १८६७ ची सेमारांगची, हीसुद्धा १४३५ चीच होती. पुढे १८७३ मध्ये बटाव्हिया ते बाउटेनझॉर्ग (आजचं जकार्ता ते बोगोर) ही लाइन साडेतीन फुटी झाली, कारण डोंगराळ मुलखात अरुंद गेज स्वस्त पडतं. दोन गेज समोरासमोर आले की माणसं उतरवा, पोती उतरवा, पलीकडच्या गाडीत भरा. सोलो-योग्याकार्ता टप्प्यावर अखेर १८९९ मध्ये तिसरा रूळ टाकावा लागला. जपानी अमलात उरलेलं रुंद गेजही अरुंद करून टाकलं. सुलावेसीत हे दुखणं उद्भवणार नाही. पण सवलतीची किंमत असतेच. गाड्या बांधल्या जावातल्या मादियुनच्या कारखान्यात, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या मेन लाइनवर त्या धावू शकत नाहीत. तिथून रस्त्यानं बंदर, मग जहाज. उद्या गाड्या कमी पडल्या, तर जावातून चार डबे उसने आणायची सोय नाही.

सुमात्राचंही बघा. तिथं उत्तरेला, पश्चिमेला आणि दक्षिणेला अशी तीन मोठी वेगळी जाळी आहेत आणि ती आजही एकमेकांना जोडलेली नाहीत. पश्चिमेची लाइन ओम्बिलिनचा कोळसा बंदरावर आणायला बांधली होती. कोळसा बंदरात पोचला की रेल्वेचं काम संपलं. शेजारच्या प्रांताशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

सुलावेसीची पहिली लाइनही मालाचा विचार करूनच आखली आहे. पांगकेपच्या तोनासा सिमेंट कारखान्याकडे फाटा, बारूमध्ये गारोंगकोंग बंदराकडे फाटा. प्रवासी तिकिटावर असला खर्च निघत नसतो, हे सगळे जाणून असतात. भाषणात मात्र कुणी म्हणत नाही.

किनाऱ्याची पट्टी सपाट असल्यामुळे मोठे बोगदे टळले. मात्र सपाट म्हणजे सोपं नव्हे. भातखाचरं आणि माशांची तळी, सगळी पाणथळ जमीन. तिच्यावर भराव घालायचा, तो दबायची वाट पाहायची, आणि दर पावलाला कुणाची तरी मालकी. भूसंपादनानं रूळ टाकण्यापेक्षा जास्त घाम काढला. बाजूला मारोस-पांगकेपचे चुनखडीचे सुळके. त्यांच्या गुहांमधल्या एका चित्राचं वय किमान ५१,२०० वर्षं, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी रामांग-रामांग नावाचं स्टेशन आहे. सुट्टीच्या दिवशी नुसती रेल्वेची मौज म्हणून लोक गाडीत बसतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

मनाडोचं काय? वाटेत पालू आहे. पालू-कोरो भ्रंशावर, म्हणजे भूकवचातल्या मोठ्या भेगेवर, जमीन दर वर्षी सुमारे ४ सेंटिमीटर सरकते. २८ सप्टेंबर २०१८ ला तिथं ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पेटोबो, बालारोआ या वस्त्यांखालची जमीन अक्षरशः वाहून गेली. तिथून रूळ न्यायचे तर भ्रंश कुठं ओलांडायचा, हे आधी ठरवावं लागेल, स्टेशनांची नावं नंतर.

पण तूर्तास गाडी अडली आहे ती भूकंपानं नव्हे. मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडोंनी मारोस-बारू हा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा खुला केला. मकासर शहर त्यात नव्हतं. रूळ जमिनीवरून न्यावेत, असा केंद्राचा आराखडा. मकासरचे तेव्हाचे महापौर म्हणाले, शहर दुभंगेल, पाणी तुंबेल, उन्नत मार्ग करा. उन्नत मार्ग म्हणजे खर्च कितीतरी वाढला. दोघांचंही म्हणणं मला पटतं, हीच पंचाईत आहे. १४ लाखांचं शहर वगळून बांधलेल्या रेल्वेला उतारू कुठून मिळणार?

तेव्हा उद्घाटनानंतर मारोसला उतरलेला माणूस स्टेशनाबाहेर येतो आणि मकासरसाठी रस्त्यावरची गाडी शोधतो. पुढचे तीसेक किलोमीटर तो त्याच रहदारीतून जातो, जी टाळायला तो रेल्वेत बसला होता.